पेशव्यांची वंशावळ मांडत प्रोलॉग शिकूया: तथ्ये, नियम आणि प्रश्न

‘काका, मला वाचवा!’ ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांनी मारलेली म्हणून सांगितली जाणारी ही हाक ऐकली, की त्यातला काका कोण हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. रघुनाथराव. ते काका का, हेही आपल्याला न विचारता कळते: नारायणरावांचे वडील नानासाहेब आणि रघुनाथराव हे नानासाहेबांचे भाऊ. एवढी साखळी आपण मनात क्षणात जुळवतो.

हीच साखळी संगणकाकडून जुळवून घ्यायची, तर बहुतेक भाषांमध्ये ‘आधी हे शोध, मग ते तपास, सापडले तर थांब’ अशी पावले लिहावी लागतात. तर्काधारित प्रोग्रामिंगमध्ये आपण पावले लिहीत नाही. काय खरे आहे ते लिहितो, कशावरून काय ठरते ते लिहितो आणि मग प्रश्न विचारतो. शोधण्याचे काम यंत्राचे. या पद्धतीच्या सगळ्यात जुन्या आणि अजूनही चांगल्या चालणाऱ्या भाषांपैकी एक म्हणजे प्रोलॉग. १९७२ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय इथे आलँ कोल्मेरोएर आणि फिलिप रूसेल यांनी ती घडवली, तर तिच्यामागचा तर्कशास्त्राचा पाया एडिंबराच्या रॉबर्ट कोवाल्स्की यांच्या कामातून आला. फ्रेंच भाषेतली वाक्ये यंत्राला समजावीत, हा मूळ खटाटोप होता. २०११ साली अमेरिकेतल्या प्रश्नमंजूषेत जिंकलेल्या आयबीएमच्या वॉटसन या संगणक-प्रणालीतही वाक्यांच्या रचनेतले साचे ओळखायला प्रोलॉग वापरले होते.

शिकण्यासाठी मी मुद्दाम पेशव्यांचे घराणे घेतले आहे. माणसे ओळखीची आहेत, त्यामुळे उत्तर बरोबर की चूक हे लगेच कळते. शिवाय नावे पुन्हा पुन्हा येतात, आणि त्याच गोंधळातून बरेच शिकायला मिळते.

तयारी

एसडब्ल्यूआय-प्रोलॉग ही मोफत आणि मुक्तस्रोत प्रणाली आपल्या संगणकावर बसवून घ्या. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर ती चालते. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये एक नवी फाइल उघडा, ‘पेशवे’ हे नाव द्या, टिंबानंतर पी आणि एल ही दोन छोटी रोमन अक्षरे लावा आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवून जतन करा. प्रोलॉग त्याच फोल्डरमधून सुरू केले, की असे लिहून फाइल आत घेता येते (सुरुवातीचे ‘?-’ प्रोलॉग स्वतःच दाखवते, ते टाइप करायचे नाही):

?- [पेशवे].

शेवटचा पूर्णविराम विसरू नका. तो नसेल तर प्रोलॉगला वाटते तुमचे वाक्य अजून चालू आहे, आणि ते पुढच्या ओळीवर एक उभी रेघ दाखवून वाट पाहत बसते. माझी या भाषेतली पहिली संध्याकाळ त्या उभ्या रेघेकडे बघण्यात गेली. तेव्हा पूर्णविराम टाकून एंटर दाबायचे, बस्स. फाइलमध्ये काही बदलले, की वरचीच ओळ पुन्हा द्यायची.

मराठीत लिहिताना एक नियम पाठ करावा लागतो. प्रोलॉगमध्ये मोठ्या रोमन अक्षराने किंवा अधोरेखेने सुरू होणारे नाव म्हणजे चल, म्हणजे व्हेरिएबल. बाकी सगळी नावे म्हणजे ठरलेल्या गोष्टी. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत. म्हणून ‘नानासाहेब’ हे ठरलेले नाव होते आणि चल हवा असेल तर आधी अधोरेख लावायची: ‘_कोण’. दोन शब्दांचे नाव असेल तर मध्ये अधोरेख चालते, रिकामी जागा चालत नाही.

तथ्ये

आता फाइलमध्ये हे उतरवून घ्या:

वडील(बाळाजी_विश्वनाथ, थोरले_बाजीराव).
वडील(बाळाजी_विश्वनाथ, चिमाजी_अप्पा).
वडील(बाळाजी_विश्वनाथ, भिऊबाई).
वडील(बाळाजी_विश्वनाथ, अनुबाई).
वडील(थोरले_बाजीराव, नानासाहेब).
वडील(थोरले_बाजीराव, रघुनाथराव).
वडील(थोरले_बाजीराव, समशेर_बहादूर).
वडील(चिमाजी_अप्पा, सदाशिवराव).
वडील(नानासाहेब, विश्वासराव).
वडील(नानासाहेब, माधवराव).
वडील(नानासाहेब, नारायणराव).
वडील(नारायणराव, सवाई_माधवराव).
वडील(रघुनाथराव, दुसरे_बाजीराव).
वडील(व्यंकटराव_घोरपडे, नारायणराव_घोरपडे).

आई(राधाबाई, थोरले_बाजीराव).
आई(राधाबाई, चिमाजी_अप्पा).
आई(राधाबाई, भिऊबाई).
आई(राधाबाई, अनुबाई).
आई(काशीबाई, नानासाहेब).
आई(काशीबाई, रघुनाथराव).
आई(मस्तानी, समशेर_बहादूर).
आई(रखमाबाई, सदाशिवराव).
आई(गोपिकाबाई, विश्वासराव).
आई(गोपिकाबाई, माधवराव).
आई(गोपिकाबाई, नारायणराव).
आई(गंगाबाई, सवाई_माधवराव).
आई(आनंदीबाई, दुसरे_बाजीराव).
आई(अनुबाई, नारायणराव_घोरपडे).

पुरुष(थोरले_बाजीराव). पुरुष(चिमाजी_अप्पा).
पुरुष(नानासाहेब). पुरुष(रघुनाथराव).
पुरुष(समशेर_बहादूर). पुरुष(सदाशिवराव).
पुरुष(विश्वासराव). पुरुष(माधवराव).
पुरुष(नारायणराव). पुरुष(सवाई_माधवराव).
पुरुष(दुसरे_बाजीराव). पुरुष(नारायणराव_घोरपडे).

पहिली ओळ ‘बाळाजी विश्वनाथ हे थोरल्या बाजीरावांचे वडील’ अशी वाचायची. कंसातला पहिला कोण आणि दुसरा कोण हे प्रोलॉग ठरवत नाही, आपण ठरवतो. मात्र एकदा ठरवले की सगळीकडे तोच क्रम पाळायचा. ‘वडील’ची सगळी तथ्ये एकत्र ठेवा, ‘आई’ची एकत्र. मध्येच मिसळली तर फाइल आत घेताना सूचना येते.

आपल्याला दोन बाजीराव, दोन माधवराव आणि दोन नारायणराव लागले, तेव्हा प्रत्येकाला वेगळे नाव दिले. प्रोलॉगच्या लेखी सारखे नाव म्हणजे तोच माणूस. दोघांनाही नुसते ‘बाजीराव’ लिहिले असते, तर आजोबा आणि नातू एकाच माणसात मिसळले असते आणि नंतर येणारा पूर्वजांचा नियम गोल गोल फिरत राहिला असता.

शुद्धलेखनाचेही तसेच. ‘बहादूर’ आणि ‘बहादुर’ ही प्रोलॉगला दोन वेगळी माणसे. ‘कऱ्हाड’सारखा शब्द तर आणखी फसवा: त्यातला अर्धा र कीबोर्डवर दोन तऱ्हांनी लिहिता येतो, त्यातल्या एका तऱ्हेत न दिसणारे जोडचिन्ह असते, आणि डोळ्यांना सारखे दिसणारे दोन शब्द यंत्राला वेगळे वाटतात. असे नाव एकेरी अवतरणचिन्हांत घाला आणि प्रत्येक वेळी एकाच पद्धतीने टाइप करा.

पहिले प्रश्न

?- वडील(नानासाहेब, माधवराव).

पडद्यावर रोमनमध्ये ट्रू असे उमटते. आता चल घालून विचारा:

?- वडील(नानासाहेब, _कोण).
_कोण = विश्वासराव ;
_कोण = माधवराव ;
_कोण = नारायणराव.

पहिले उत्तर आल्यावर प्रोलॉग थांबते. अर्धविराम दाबला की ‘आणखी?’ असे विचारल्यासारखे होते आणि पुढचे उत्तर येते. आता चल दुसऱ्या बाजूला ठेवा:

?- वडील(_कोण, सदाशिवराव).
_कोण = चिमाजी_अप्पा.

आपण एकच तथ्य लिहिले होते. त्यातून मुलगाही विचारता आला आणि बापही. नेहमीच्या भाषांमध्ये यासाठी दोन वेगळी फंक्शने लिहावी लागली असती. मला प्रोलॉगची गोडी इथेच लागली.

नियम

मामा, मावशी, काका, आत्या, चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ. आपल्या भाषेत नात्याच्या शब्दातच वाट सांगितलेली असते. ‘मामेभाऊ’ म्हटले की आईकडे जा, तिच्या भावाकडे जा, त्याच्या मुलाकडे ये. मराठी माणसाला प्रोलॉगचे नियम लिहिणे सोपे जाते ते यामुळेच, असे मला अनेकांना शिकवताना जाणवले आहे. व्याख्या तयारच असते, फक्त चिन्हांत उतरवायची.

आधी पाया:

पालक(_प, _म) :- वडील(_प, _म).
पालक(_प, _म) :- आई(_प, _म).

भावंड(_क, _ख) :- वडील(_व, _क), वडील(_व, _ख), _क \== _ख.

‘:-’ हे चिन्ह ‘जर’ असे वाचा, स्वल्पविराम ‘आणि’ असा. म्हणजे क आणि ख ही भावंडे, जर व हे क चे वडील असतील, आणि तेच व हे ख चेही वडील असतील, आणि क व ख एकच नसतील. ‘पालक’साठी दोन नियम आहेत: वडील असतील तरी पालक, आई असेल तरी पालक. चलाचे नाव त्या एका नियमापुरतेच असते. वरच्या नियमातला ‘_व’ आणि पुढच्या नियमातला ‘_व’ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

आता काका:

काका(_का, _म) :- वडील(_व, _म), भावंड(_का, _व), पुरुष(_का).

?- काका(_कोण, नारायणराव).
_कोण = रघुनाथराव ;
_कोण = समशेर_बहादूर ;

पुढे फॉल्स येते, म्हणजे आणखी उत्तर नाही. हे उत्तर कसे निघाले ते एकदा हळूहळू पाहू, कारण पुढचे सगळे याच चालीने चालते.

प्रोलॉग ‘काका’चा नियम उचलते आणि ‘_म’च्या जागी नारायणराव बसवते. पहिली अट ‘वडील(_व, नारायणराव)’. तथ्ये वरून खाली वाचत गेल्यावर नानासाहेब सापडतात, ‘_व’ ठरतो. दुसरी अट ‘भावंड(_का, नानासाहेब)’. त्यासाठी भावंडाचा नियम उघडतो. आता कोणाचे तरी वडील कोणीतरी, अशी जोडी हवी. पहिलीच जोडी बाळाजी विश्वनाथ आणि थोरले बाजीराव अशी आहे. पण बाळाजी विश्वनाथ हे नानासाहेबांचे वडील आहेत का? तथ्यांत तसे नाही. प्रोलॉग माघारी येते आणि पुढची जोडी घेते. असे करत थोरले बाजीराव आणि नानासाहेब ही जोडी येते. वडील तेच जुळतात, पण क आणि ख दोन्ही नानासाहेबच, म्हणून तिसरी अट मोडते. पुन्हा माघार. पुढच्या जोडीत रघुनाथराव येतात, सगळ्या अटी जुळतात, ते पुरुष आहेत हेही तथ्यांत मिळते, आणि उत्तर पडद्यावर येते. अर्धविराम दाबला, की याच जागेपासून शोध पुढे चालू होतो. याला बॅकट्रॅकिंग म्हणतात: वाट बंद झाली की शेवटच्या फाट्यावर परतायचे आणि दुसरी वाट धरायची.

समशेर बहादूर उत्तरात आले ते आपण भावंडाची व्याख्या फक्त वडिलांवरून केली म्हणून. ते बाजीराव आणि मस्तानी यांचे पुत्र, म्हणजे नानासाहेबांचे सावत्र भाऊ. मला हे उत्तर बरोबर वाटते. तुम्हाला फक्त सख्खे हवे असतील तर तसे लिहा:

सख्खे_भावंड(_क, _ख) :- वडील(_व, _क), वडील(_व, _ख), आई(_आ, _क), आई(_आ, _ख), _क \== _ख.

कोणती व्याख्या घ्यायची हा निर्णय तुमचा. प्रोलॉग तो घेत नाही आणि तुमच्यावर लादतही नाही.

आता नियमांवर नियम चढवू:

चुलतभाऊ(_भ, _म) :- काका(_का, _म), वडील(_का, _भ), पुरुष(_भ).
चुलत_काका(_का, _म) :- वडील(_व, _म), चुलतभाऊ(_का, _व).
आतेभाऊ(_भ, _म) :- वडील(_व, _म), भावंड(_आत्या, _व), आई(_आत्या, _भ), पुरुष(_भ).
मामेभाऊ(_भ, _म) :- आई(_आई, _म), भावंड(_मामा, _आई), वडील(_मामा, _भ), पुरुष(_भ).

?- चुलत_काका(_कोण, विश्वासराव).
_कोण = सदाशिवराव ;

१७६१ मध्ये पानिपतावर एकत्र पडलेले विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ यांचे नाते असे तीन पायऱ्यांत निघते. बोलताना आपण त्यांना नुसते काकाच म्हणू, पण नियमात दोन्ही वेगळे ठेवलेले बरे. अनुबाई इचलकरंजीच्या घोरपडे घराण्यात दिलेल्या. म्हणून ‘आतेभाऊ(_कोण, नानासाहेब)’ असे विचारले तर नारायणराव घोरपडे मिळतात. उलट घोरपड्यांच्या बाजूने मामेभाऊ विचारले तर नानासाहेब, रघुनाथराव, समशेर बहादूर आणि सदाशिवराव अशी चार नावे येतात. आतेभाऊच्या नियमात आत्या बाई आहे हे वेगळे तपासावे लागले नाही, कारण ‘आई’ या तथ्यात ते आलेच आहे.

जिथे हमखास पाय घसरतो

भावंडाच्या नियमात ‘_क \== _ख’ ही अट शेवटी आहे. ती सुरुवातीला आणून पाहा. मग ‘काका(_कोण, नारायणराव)’ला पहिले उत्तर येते नानासाहेब. वडीलच काका! कारण अट तपासली गेली तेव्हा ‘_क’मध्ये काहीच भरलेले नव्हते. रिकामा चल आणि नानासाहेब हे एकच नाहीत, म्हणून अट तेव्हा खरी ठरली आणि पुन्हा कोणी तपासली नाही. कागदावरच्या तर्कशास्त्रात ‘आणि’च्या आगेमागे काहीही लिहा, अर्थ तोच. प्रोलॉगमध्ये क्रमाला अर्थ आहे. तुलना करणाऱ्या अटी, ज्यांची तुलना करायची ते भरून झाल्यावरच लिहाव्यात.

भावंडाची व्याख्या ‘वडील’ऐवजी ‘पालक’वरून केलीत तर रघुनाथराव दोनदा येतात, एकदा वडिलांच्या वाटेने आणि एकदा आईच्या वाटेने. उत्तर चुकलेले नसते, ते दोन प्रकारे सिद्ध झालेले असते.

आणखी एक, मराठीत लिहिणाऱ्यांसाठी खास. रोमन मोठ्या अक्षराचा चल नियमात एकदाच आला, तर टायपिंगची चूक असावी म्हणून प्रोलॉग सावध करते. अधोरेखेच्या चलाबाबत ते गप्प बसते. ‘_आत्या’ एकदा आणि ‘_अात्या’ एकदा अशी गल्लत झाली, तर नियम निमूट चालतो आणि भलतीच उत्तरे देतो. म्हणून मी चलांची नावे एक-दोन अक्षरांचीच ठेवतो.

पूर्वज

आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा असे प्रत्येक पिढीचे नियम लिहीत बसण्यापेक्षा पूर्वज म्हणजे काय ते एकदाच सांगू:

पूर्वज(_प, _व) :- पालक(_प, _व).
पूर्वज(_प, _व) :- पालक(_प, _म), पूर्वज(_म, _व).

पालक हा पूर्वज. आणि ज्याचे मूल कोणाचा तरी पूर्वज आहे, तोही त्याचा पूर्वज. नियम स्वतःलाच बोलावतो, पण दर वेळी एक पिढी पुढे सरकून.

‘पूर्वज(_कोण, सवाई_माधवराव)’ला आठ नावे येतात: आधी नारायणराव आणि गंगाबाई, मग बाळाजी विश्वनाथ, थोरले बाजीराव, नानासाहेब, राधाबाई, काशीबाई, गोपिकाबाई. चल उजवीकडे नेऊन ‘पूर्वज(थोरले_बाजीराव, _कोण)’ विचारले, की त्याच दोन ओळी वंशज सांगतात.

दुसऱ्या नियमात ‘पूर्वज’ची अट आधी आणि ‘पालक’ची नंतर अशी अदलाबदल कधी करू नका. मग एकही पिढी न सरकता नियम स्वतःलाच बोलावत राहतो, आणि उत्तरे संपल्यावर थांबण्याऐवजी स्मृती संपल्याची चूक दाखवतो.

‘नाही’ म्हणजे नक्की काय

?- वडील(थोरले_बाजीराव, जनार्दन).

उत्तर येते फॉल्स. पण थोरल्या बाजीरावांना जनार्दन नावाचा मुलगा होता, तो लहानपणीच गेला. आपण ते तथ्य लिहिले नाही एवढेच. प्रोलॉगचे फॉल्स म्हणजे ‘माझ्याजवळच्या माहितीवरून सिद्ध करता आले नाही’. ते ‘असे नाही’ म्हणत नाही.

नकाराचे चिन्ह वापरताना हे फार जपावे लागते. ‘\+’ म्हणजे ‘सिद्ध होत नसेल तर’:

संतती_नाही(_क) :- पुरुष(_क), \+ पालक(_क, _).

एकटी अधोरेख म्हणजे ‘कोणीही असो, नावाशी मला काम नाही’. प्रश्न विचारला तर पहिलेच उत्तर येते समशेर बहादूर. हे साफ चुकीचे आहे. अली बहादूर हे त्यांचे पुत्र, त्यांनीच बुंदेलखंडात बांद्याची गादी उभी केली. थोरले माधवराव आणि विश्वासराव यांच्याबाबत मात्र हेच उत्तर बरोबर आहे. नियम एकच, पण एका ठिकाणी माहिती पुरी आणि दुसरीकडे अपुरी. घराण्याची वंशावळ असो की रुग्णांच्या औषधांची यादी, नकारावर उभे राहिलेले उत्तर वापरण्याआधी यादी पूर्ण आहे ना, हे माणसानेच पाहिले पाहिजे. इथेही ‘पुरुष’ची अट आधी हवी, ती मागे टाकली तर प्रोलॉगला कोणीतरी कोणाचा तरी पालक सापडतोच आणि एकही नाव मिळत नाही.

अली बहादुरांचे तथ्य स्वतः लिहा, फाइल पुन्हा आत घ्या आणि प्रश्न पुन्हा विचारा. समशेर बहादूर यादीतून गेलेले दिसतील.

मग शेवटचा एक बदल. दुसऱ्या बाजीरावांनी १८२७ मध्ये ब्रह्मावर्तात मुलगा दत्तक घेतला, तेच १८५७चे नानासाहेब. ‘नानासाहेब’ हे नाव आपण रघुनाथरावांच्या भावाला देऊन बसलो आहोत, म्हणून त्यांना धोंडोपंत म्हणू:

दत्तक_वडील(दुसरे_बाजीराव, धोंडोपंत).
पालक(_प, _म) :- दत्तक_वडील(_प, _म).

दुसरी ओळ ‘पालक’च्या आधीच्या दोन नियमांखाली ठेवा. ‘पूर्वज’ला हातही लावू नका. ‘पूर्वज(_कोण, धोंडोपंत)’ असे विचारून अर्धविराम दाबत जा: दुसरे बाजीराव, बाळाजी विश्वनाथ, थोरले बाजीराव, रघुनाथराव, राधाबाई, काशीबाई, आनंदीबाई. आपण एक नाते मांडले आणि सात पूर्वज मिळाले. ‘भावंड’ आणि ‘काका’ मात्र अजून ‘वडील’वरच उभे आहेत, त्यामुळे त्यांना हे दत्तकविधान माहीत नाही. दत्तक मुलाला काका असावा की नाही, हे ठरवून तो नियम आता तुम्ही लिहा.